सातपुड्यातील शेतघर : ‘कच्चे घर’ या संज्ञेची समीक्षा
नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांत पावरा व भिल्ल समाजाची घरे दाटीने नसून बहुधा ज्याच्या त्याच्या शेतात विखुरलेली आढळतात. सागवानी खांब, शेणामातीने लिंपलेला बांबूचा कूड व उतरते छप्पर असे त्यांचे सर्वसाधारण स्वरूप असून माणसे, गुरे व धान्य एकाच छपराखाली असतात. जनगणना मात्र भिंत व छपराच्या सामग्रीवरून घराचा टिकाऊपणा ठरविते. शेताशी असलेले घराचे नाते त्या वर्गवारीत येत नाही. नर्मदेवरील सरदार सरोवर धरणामुळे या दोन तालुक्यांतील ३३ गावे पूर्णतः वा अंशतः बाधित झाली. पुनर्वसन वसाहतींत घराचा भूखंड व शेतजमीन वेगळी झाली आणि हे नाते तुटले. यास्तव या घराचे मूल्यमापन केवळ सामग्रीवरून न करता रचनेवरून करणे आवश्यक ठरते.