गमावण्यासारखं आहे तरी काय?

जून उजाडला की दिवाळी अंकांच्या कामाला हात लागतो. एका अंकासाठी आलेल्या कथा वाचायचं काम गेली काही वर्षं माझ्याकडे आहे. मागे एका तरुणाची कथा आली होती, फुलस्केप कागदांवर, हातानं लिहिलेली. विषय शेतकऱ्याच्या आत्महत्येचा. तिसऱ्या पानावरचा एक अख्खा परिच्छेद निळ्या पेनानं खोडला होता, पण खालची अक्षरं लागत होती. मेलेल्या माणसाच्या घरात सापडलेली कृषी सेवा केंद्राची उधारीची वही तिथे जशीच्या तशी उतरवली होती. युरिया दोन गोण्या. फवारणीचं औषध एक लिटर. सरकीच्या पिशव्या तीन. हातउसने रोख दोनशे, पोरीच्या चपलेसाठी. पुन्हा औषध एक लिटर, आणि या शेवटच्या नोंदीपुढे रक्कमच नव्हती. हे सगळं खोडून समासात नवा मजकूर लिहिला होता: कर्जाच्या ओझ्याखाली पिचलेला बळीराजा, आटलेले डोळे, भेगाळलेली भुई.

विषय धीटपणे निवडलेला होता. भ्यालं होतं ते वाक्य. आजच्या मराठी ललित लेखनाबद्दल मला जे म्हणायचं आहे, ते त्या एका पानावर आलेलं आहे.

आपल्याकडे लेखकाचं धाडस म्हटलं की विषय आठवतो, आणि विषयापाठोपाठ खटले, मोर्चे, बंदी. त्या इतिहासाचा अभिमान वाटावा असाच तो आहे. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं, तेव्हा शिकलेल्या अविवाहित स्त्रियांच्या मनाबद्दल असं लिहिणारी ही विभावरी शिरूरकर कोण, यावरून गदारोळ झाला. मालतीबाई बेडेकरांनी ते नाव ढालीसारखं वापरलं होतं. १९६५ च्या ‘वासूनाका’वरून भाऊ पाध्यांवर आचार्य अत्र्यांनी तोफ डागली. १९७२ मध्ये ‘सखाराम बाइंडर’ला परिनिरीक्षण मंडळानं अडवलं आणि कमलाकर सारंगांना उच्च न्यायालयात जावं लागलं. पण या साऱ्या हकिकती आपण सांगतो त्या समाज कसा चिडला याच्या. लेखकानं कागदावर नेमकं काय पणाला लावलं होतं, हे त्यांत मागे पडतं.

मर्ढेकरांचंच बघा. त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि १९५२ मध्ये ते निर्दोष सुटले, एवढं पुष्कळांना ठाऊक असतं. त्याआधीचा धोका त्यांनी कोर्टाबाहेर, एकट्यानं पत्करला होता. १९३९ चा ‘शिशिरागम’ हा त्या काळच्या रुळलेल्या, हळव्या वळणाचा संग्रह. त्याच वाटेनं ते चालत राहिले असते तर कुणी नावं ठेवली नसती. आठ वर्षांनी ‘काही कविता’ आला तो ते वळण पुरतं सोडून. त्यात यंत्रं आली, उंदीर आले, महानगराची कळकट सकाळ आली. हे सगळं त्यांनी कशात बसवलं, तर संतांच्या अभंगात आणि ओवीत. ज्या छंदात मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या विठ्ठलाला हाक मारत आला, त्यातच गिरणीचा भोंगा वाजवला. मुक्तछंद घेतला असता तर ते नुसते आधुनिक ठरले असते. अभंग घेतल्यामुळे वाचकाच्या कानाला सवयीचा ठेका मिळाला आणि त्या ठेक्यावर नको ते ऐकावं लागलं. खरी ठिणगी तिथे पडली. श्लील-अश्लीलतेचा वाद तिच्यापुढे फार लहान.

‘कोसला’चंही असंच. १९६३ मध्ये ही कादंबरी काढली रा. ज. देशमुखांनी, म्हणजे खांडेकरांची पुस्तकं छापणाऱ्या प्रकाशकानं. ध्येयवादी नायक आणि अलंकारांनी नटलेली वाक्यं ज्या दुकानातून घरोघर गेली, त्याच दुकानातून पांडुरंग सांगवीकर बाहेर पडला. विषय पाहिला तर साधाच: खेड्यातला मुलगा पुण्याला शिकायला जातो, नापास होतो, परत येतो. नेमाड्यांनी जोखीम घेतली ती दोन फुटकळ शब्दांवर, ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’. पहिला शब्द पुराव्याचा आव आणतो आणि पुरावा देत नाही. दुसरा यादी अर्धवट सोडून देतो, जणू पुढचं सांगण्याच्या लायकीचंच नव्हतं. प्रतिष्ठित मराठी गद्यात या शब्दांना वर्गातल्या मागच्या बाकाचीही जागा नव्हती. नेमाड्यांनी त्यांच्यावर एक अख्खा माणूस उभा केला. आणि जो माणूस इतका वेळ जगातलं सगळं ‘वगैरे’त गुंडाळत होता, त्याच्या तोंडून धाकट्या मनीच्या मरणाची हकिकत येते, तेव्हा वाचक बेसावध सापडतो. ती पानं अजून वाचवत नाहीत, याचं श्रेय आधीच्या त्या सगळ्या टवाळीला आहे.

मग पुढे जे व्हायचं ते झालं. निम्म्या महाराष्ट्रातली कॉलेजची पोरं ‘वगैरे’ लिहू लागली. एकानं जीव टांगणीला लावून पाडलेली वाट दुसऱ्याला आयती मिळते, आणि तिसऱ्यापर्यंत तिचा राजरस्ता होतो. स्वतः नेमाडे त्या रस्त्यावर थांबले नाहीत. बारा वर्षांनी ‘बिढार’ आली तेव्हा पांडुरंग नव्हता, त्याचा ‘मी’ही नव्हता, चांगदेव पाटलाची गोष्ट तृतीय पुरुषात, निराळ्या चालीनं चालली होती. ‘कोसला’चा दुसरा भाग हातोहात खपला असता. माझ्या मते पहिल्या पुस्तकापेक्षा हा दुसरा निर्णय अवघड. पंचविशीत मोडायला दुसऱ्यांचे साचे असतात. पुढे मोडायचा तो आपलाच, आणि तोवर त्याचं कौतुक झालेलं असतं.

धाडस एकट्याचं असतं, हा आपला एक लाडका गैरसमज. १९७२ चा ‘गोलपिठा’ आठवा. नामदेव ढसाळांच्या या पहिल्या संग्रहाला प्रस्तावना विजय तेंडुलकरांची. तेंडुलकर तोवर नाव झालेले नाटककार. ते ढसाळांबरोबर ती वस्ती हिंडले, कवितेतले कित्येक शब्द आपल्याला कळत नाहीत हे त्यांनी मोकळेपणानं मान्य केलं, आणि त्या न कळण्यासकट प्रस्तावना लिहिली. ‘मला कळलं नाही’ हे वाक्य मराठीत बहुधा दार लावून घेताना वापरतात. तेंडुलकरांनी ते दार उघडायला वापरलं. ढसाळांची कविता कुणाच्या प्रस्तावनेवाचून अडली नसती हे खरं. पण प्रस्थापितांपैकी एकानं आपलं अज्ञान छापून देणं, हीही जोखीमच होती. ती आपल्या हिशेबात धरली जात नाही.

असा दुसरा माणूस किंवा पुरेसे वाचक भेटले नाहीत तर काय होतं, त्याचंही उदाहरण घरातलंच आहे. किरण नगरकरांची ‘सात सक्कं त्रेचाळीस’ १९७४ ची. काळ तोडून-मोडून टाकणारी, हसता हसता अंगावर येणारी ही कादंबरी. तिचं कौतुक मोजक्यांनी केलं, बाकी सामसूम. त्यांची पुढची कादंबरी आली थेट १९९५ मध्ये, आणि ती इंग्रजीत: ‘रावण अँड एडी’. मुंबईच्या चाळीची ती गोष्ट आधी मराठीत सुरू झाली होती. तिच्यापाठोपाठ आलेल्या ‘ककल्ड’ला साहित्य अकादमी मिळालं, तेही इंग्रजीसाठी. नगरकरांनी धोका पत्करला, किंमत मात्र मराठीनं मोजली.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मराठी लेखकाकडे गमावण्यासारखं आहे तरी काय? पैसा म्हणावा तर कादंबरीवर घर चालवणारे मराठी लेखक बोटांवर मोजावेत. मर्ढेकर आकाशवाणीत होते, नेमाडे प्राध्यापकी करत होते, अरुण कोलटकर जाहिरातीच्या धंद्यात, नंदा खरे बांधकामात. आपण याची हळहळ करतो, पण या नोकरीधंद्यानं एक मोठं स्वातंत्र्य दिलं होतं. कोलटकरांचा पहिला मराठी संग्रह १९७७ मध्ये आला आणि त्यानंतरचे, ‘भिजकी वही’ धरून, एकदम २००३-०४ मध्ये. मधली पंचवीसेक वर्षं ते लिहीतच होते, फक्त घाई नव्हती. पुस्तकावर घरभाडं अवलंबून नसलेला माणूसच एवढं थांबू शकतो. म्हणजे जोखीम घ्यायला मराठीइतकी मोकळी भाषा शोधून सापडायची नाही. हजार प्रती खपल्या तर आवृत्ती संपली म्हणून पेढे वाटायचे, आणि नाही खपल्या तरी पगार चालू.

तरीही लेखक बिचकतो, कारण त्याला भीती वेगळीच आहे. आपलं साहित्यविश्व लहान आहे. प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो. आज ज्याच्या पुस्तकावर लिहायचं, तोच उद्या पुरस्काराच्या समितीवर बसतो. अशा गावात गमावण्यासारखी एकच गोष्ट असते, ओळखीच्या माना डोलणं. ‘छान झालंय’ ऐकायची सवय लागली की ‘हे काय लिहिलंयस?’ हा प्रश्न अंगावर घेववत नाही. त्यात आता कथेतला उतारा फेसबुकवर टाकला की तासाभरात बदाम मिळतात. जी वाक्यं सुटी काढून मिरवता येतात ती वाढतात, आणि उधारीच्या वहीसारखी वाक्यं, जी जागेवरून हलवली की काहीच सांगत नाहीत, ती खोडली जातात.

याचा अर्थ आज सगळं सपाट आहे असा नाही. उलट, जिथे लेखकानं सांगणाऱ्याचा आवाज पणाला लावला आहे, तिथे मराठी कादंबरी चांगलीच जिवंत आहे. नंदा खऱ्यांनी १९९७ मध्ये ‘अंताजीची बखर’ लिहिली. ऐतिहासिक कादंबरी म्हणजे घोड्यावरचा नायक, ही ‘स्वामी’पासून ‘छावा’पर्यंत पक्की झालेली समजूत. खऱ्यांनी गोष्ट दिली एका चलाख, थोड्या लबाड माणसाच्या हाती, आणि बंगालच्या स्वाऱ्या त्याच्या डोळ्यांनी दाखवल्या, लुटीसकट. बखरीची भाषा त्यांनी सजावटीला घेतली नाही. तिच्या ऐटबाज चालीतून थोरवीचं पितळ उघडं पाडलं. पुढे ‘उद्या’मध्ये त्यांनी उद्याचा, पाळतीखालचा समाज मांडला. त्या कादंबरीला २०२० चा अकादमी पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा समाजानं मला भरपूर दिलं आहे, असं सांगून त्यांनी तो नाकारला. माना डोलण्याची गरज संपलेला लेखक कसा असतो, ते तिथे दिसलं.

प्रवीण बांदेकरांनी ‘उजव्या सोंडेच्या बाहुल्या’मध्ये कोकणातल्या कळसूत्री बाहुल्यांच्या परंपरेकडे निवेदन सोपवलं आणि आजच्या राजकारणाबद्दल जे सरळ बोलता येत नाही ते बाहुल्यांकडून वदवलं. कृष्णात खोतांचं ‘रिंगाण’ धरणग्रस्तांबद्दल आहे. हा विषय वर्तमानपत्रांनी इतका दळला आहे की त्यात कादंबरीला दाणा उरला नसावा असं वाटतं. खोतांनी विस्थापनाची कैफियत बाजूला ठेवली आणि एक माणूस मागे राहिलेल्या, रानटी झालेल्या म्हशीच्या मागावर सोडला. तुटक, बोलीतल्या वाक्यांनी रान, जनावर आणि माणूस एकमेकांभोवती फिरत राहतात. या दोघांनाही अकादमी पुरस्कार मिळाले, २०२२ आणि २०२३ चे. म्हणजे वाक्याची जोखीम घेणाऱ्याला मराठी वाळीत टाकते, अशी सबबही आता फारशी टिकत नाही.

एक धोका मात्र नोंदवायला हवा. बोली, बाहुल्या, बखर हेही उद्याचे साचे होतील. काही हस्तलिखितांत ते होताना दिसू लागलेत. बोलीतलं वाक्य म्हणजे धीट वाक्य, असा सोपा हिशेब मांडला की तो नवा ‘वगैरे’च. प्रयोग दिसायला धीट असला म्हणजे तो धीट असतोच असं नाही. लिहिताना लेखकाला स्वतःला खात्री होती का, एवढंच विचारावं. असेल, तर बहुधा जोखीम नव्हती.

त्या कथेचं काय झालं ते सांगतो. मी त्या तरुणाला फोन केला आणि खोडलेला परिच्छेद परत घालायला सांगितलं. तो गडबडला. “सर, ते तर नुसत्या नोंदी आहेत. त्यात साहित्य काय आहे? आणि लोकांना कळणार नाही.” मी म्हटलं, मलाही शेवटच्या नोंदीचं पुरतं कळलेलं नाही, रक्कम दुकानदारानं घातली नाही की तू? पलीकडे बराच वेळ शांतता. मग तो म्हणाला, “ती वही आमच्याच घरातली आहे. तिथे रक्कम नव्हतीच.”

समासातला बळीराजा काढून आम्ही ती वही छापली. अंक आल्यावर एका जुन्या वाचकाचं पोस्टकार्ड आलं: कथा बरी, पण मधेच दुकानाचा हिशेब छापायचं कारण समजलं नाही. ते कार्ड मी त्या तरुणाला पाठवून दिलं. त्यानंतर त्याच्या दोन कथा आल्या. दोन्हींत खाडाखोड भरपूर आहे, पण या वेळी खोडलेली सगळी वाक्यं गोळीबंद, टाळ्यांची होती.