घाशीराम मेला, नाना उरला

विजय तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल' १९७२ साली पुण्यात रंगभूमीवर आले आणि जातीच्या व इतिहासाच्या बदनामीचा वाद पेटला. त्या वादात नाटकाचे मर्म झाकले गेले, असे आम्हांस वाटते.

नाना फडणवीस स्वतःच्या वासनेपोटी घाशीरामाला कोतवाली देतो. मग रात्री बाहेर पडण्यास परवाना, संशयावरून चौकशी आणि छळ. स्वातंत्र्य एका रात्रीत हिरावले जात नाही. ते परवान्यापरवान्याने सरते. कोठडीत कोंडलेले ब्राह्मण गुदमरून मेल्यावर पुणेकर खवळतात. नाना घाशीरामाला जमावाच्या हवाली करतो आणि उत्सवाची आज्ञा देतो. सत्तेचे व्यवहार ज्यांच्या आड चालले, ती नाचणारी माणसांची भिंत पुन्हा नाचू लागते.

नाटक येथे थांबते. आम्हांस मात्र थांबता येत नाही. १९७५ साली आणीबाणी आली, आणि १९७७ साली मतदारांनी ती लादणाऱ्यांनाच पायउतार केले. जमावाचा दगड घाशीरामापर्यंतच पोहोचतो. नागरिकाचे मत नानापर्यंत पोहोचते. म्हणूनच ते मत, आणि ते निर्भयपणे बनविण्याचे स्वातंत्र्य, प्राणपणाने जपले पाहिजे. त्यासाठी प्रथम त्या भिंतीतून एकेकाने बाहेर पडावे लागेल.