मनाला 'नको' म्हणण्यापूर्वी

रागावर घरगुती औषध विचारले, तर मराठी माणूस पहिल्याने 'मनाच्या श्लोकां'कडे बोट दाखवील. रामदासांचे हे २०५ श्लोक आपल्यापैकी पुष्कळांनी कळत्या वयाच्या आधीच पाठ केलेले असतात. त्यामुळे होते असे की ते म्हणता येतात, पण वाचायचे मात्र राहून जातात. मी शाळेत ते शिकवीत आलो आणि माझेही तसेच झाले होते.

त्यांच्या रचनेत एक मोठी सोय आहे. बोलणारा मनाला 'मना' अशी हाक मारतो. हाक मारली की हाक मारणारा एक आणि ऐकणारा दुसरा, अशी फोड आपोआप होते. संतापलेल्या माणसाला 'मी म्हणजेच माझा संताप' असे वाटत असते; ती गाठ या एका संबोधनाने सैल होते. त्यात 'रे' आहे, म्हणजे जवळीक आहे. शिवाय रामदास या मनाला आरंभीच सज्जन म्हणतात. ज्याला समजावायचे त्याला आधी चोर ठरवू नये, हे तारतम्य पुष्कळ शिक्षकांना उभ्या नोकरीत साधत नाही. वृत्त भुजंगप्रयात. एक लघु, दोन गुरू, असे चार वेळा. चरणाची अक्षरे बारा. ही संथ चाल तुटक झालेल्या श्वासालाही वळण लावते.

पण सगळे श्लोक एकाच रीतीने मनाशी बोलत नाहीत. सहावा श्लोक क्रोधाचा. त्याच्या चारही चरणांचा आरंभ नकाराने होतो. क्रोधाला तेथे दिलेले विशेषण मोठे नेमके आहे. रामदास त्याला पापकारी म्हणत नाहीत, खेदकारी म्हणतात. राग आणि दुःख ही एकाच घरातली भावंडे आहेत, हे त्या एका शब्दात आले. तरीही श्लोकाचा घाट आज्ञेचाच आहे. अकराव्या श्लोकात आज्ञा नाही, प्रश्न आहे. या जगात सर्व बाजूंनी सुखी असा कोण, हे रामदास मनालाच शोधून पाहायला सांगतात. सहाव्यात मनाला अडवले आहे; अकराव्यात त्याला कामाला लावले आहे.

हा भेद मला पुस्तकातून उमगला नाही. काही वर्षांपूर्वी वर्गात एका मुलाने दुसऱ्याला मारले. काय झाले ते न विचारता मी त्याला सहावा श्लोक पंचवीस वेळा लिहून आणायला सांगितला. त्याने आणला. 'नको' या शब्दावर पेन्सिल इतकी दाबली होती की कागद जागोजागी फाटला होता. मी सही केली आणि वही परत दिली. पुढे त्याच वर्षी माझ्यावर वर्गासमोर अपमानाचा प्रसंग आला. वरिष्ठ बोलत होते, मुले ऐकत होती. त्या रात्री मी तोच श्लोक म्हणत बसलो, आणि माझ्या ध्यानात आले की प्रत्येक नकाराबरोबर दात अधिकच आवळले जात आहेत. मग अकराव्याकडे वळलो. पाहा म्हटल्यावर पाहिले. दुखत होते ते वरिष्ठांचे बोलणे नव्हते. मुलांनी ते ऐकले, हे दुखत होते. एवढे दिसताच छातीवरचे दडपण निम्मे उतरले. आणि लगेच ती फाटकी वही आठवली.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाला बाजूला घेऊन विचारले. त्याच्या वडिलांच्या धंद्यावरून कुणी काही बोलले होते, आणि तेही चारचौघांत.

येथे मला रामदासांशी नम्रपणे भांडावेसे वाटते. अकराव्या श्लोकाच्या पूर्वार्धात शोधायला सांगितलेले मन उत्तरार्धात शोध पुरा होण्यापूर्वीच परत बोलावले जाते. जे भोगतो आहेस ते तुझ्याच पूर्वसंचिताचे फळ, असे त्याला सांगितले जाते. ज्याचा बाप त्याच्या धंद्यामुळे हिणवला जातो, त्या मुलाला हे उत्तर कोणत्या तोंडाने द्यावे? पाहण्याने राग निवतो हे खरे. पण काय दिसावे हे आधीच ठरवून टाकले, तर ते पाहणे राहत नाही. ती पुन्हा एक आज्ञाच झाली.

म्हणूनच मला या श्लोकांच्या शेजारी मुक्ताबाईंचे 'ताटीचे अभंग' ठेवावेसे वाटतात. संन्याशाची पोरे म्हणून वाळीत पडलेली ही भावंडे. लोकांच्या बोलण्याने जिव्हारी लागून ज्ञानेश्वर झोपडीची ताटी लावून आत बसले, अशी आख्यायिका आहे. बाहेर उभी राहून धाकटी बहीण बोलते आहे. अपमान झालाच नाही असे ती म्हणत नाही. ती दाखला देते तो तोंडातला: आपल्याच दातांनी आपली जीभ चावली, तर कोणी सगळे दात पाडून टाकतो का? चावा खरा, वेदना खरी, पण दातही आपलेच. आणि प्रत्येक अभंगाचा शेवट एकाच विनवणीत, की ताटी उघडावी. शांत होऊन आतच बसा, असे ती सांगत नाही. बाहेर या म्हणते.

मनाशी बोलण्याची कसोटी मला येथे सापडते. ज्या बोलण्याने ताटी उघडते ते समजावणे. ज्याने ती आतून अधिक घट्ट बसते ते दटावणे, मग शब्द कितीही पवित्र असोत. आणि स्वतःला असे समजावण्याची भाषा माणूस जन्मतः घेऊन येत नाही. ती आधी कुणीतरी बाहेर उभे राहून त्याच्याशी बोललेली असावी लागते. मुक्ताबाई ज्याच्या वाट्याला आलीच नाही, त्याने मनाला हाक तरी कोणत्या आवाजात मारावी?

'मनाचे श्लोक' मी आजही शिकवतो. शिक्षा म्हणून मात्र ते पुन्हा कुणाला लिहायला लावले नाहीत.