अकाली आत्मचरित्रे

रग्बीच्या हौशी युगात आत्मचरित्राचे मानधन घेणारा खेळाडू धंदेवाईक ठरे. इंग्लंडचा कर्णधार बिल ब्यूमाँट १९८२ मध्ये निवृत्त झाल्यावर असाच बहिष्कृत झाला. साहजिकच लेखणी निवृत्तीनंतरच उचलली जाई. १९९५ मध्ये खेळ व्यावसायिक झाला आणि हा बांध फुटला. जॉनी विल्किन्सनच्या ड्रॉप गोलने इंग्लंडने २००३ चा विश्वचषक जिंकला. पुढच्याच वर्षी, वयाच्या २५ व्या वर्षी, त्याचे ‘माय वर्ल्ड’ निघाले! चरित्रनायकाची खरी कसोटी मात्र पुढेच होती. दुखापतींमुळे २००७ पर्यंत तो इंग्लंडकडून खेळू शकला नाही. त्या मनस्तापाची हकीकत २०११ च्या आत्मचरित्रात येते, आणि वाङ्मयदृष्ट्या तोच भाग मोलाचा आहे. शिवाय ज्याची उद्या संघात निवड व्हावयाची आहे, तो प्रशिक्षकाविषयी मोकळेपणाने काय लिहिणार? विल्किन्सन २०१४ पर्यंत खेळला. म्हणजे दुसरे आत्मचरित्रही अपुरेच.