मेखला आणि कीला : शृंगारातील बंधनसाधनांचा विचार

नागपूरच्या इतवारीत लोखंडी सामानाच्या दुकानातून दोर, कडी, साखळी किंवा चामडी पट्टा विकत घेणारा मनुष्य त्याचे पुढे काय करतो, हे दुकानदार विचारीत नाही. अशा सामान्य वस्तूंपासून अल्प खर्चात प्रणयातील बंधनाची साधने तयार करणारे लोक आज जगात सर्वत्र आहेत. ही गोष्ट पाश्चात्यांकडून आलेली नवी विकृती आहे, असे समजून आपली समीक्षा तिच्याकडे पाठ फिरविते. परंतु संस्कृत वाङ्मयाच्या अभ्यासकाला असा समज बाळगता येणार नाही. साधनांची ही चर्चा आपल्याकडे जुनी आहे. तिच्यातून कोणता विवेक हाती लागतो, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय होय.

प्रथम काव्याकडे वळू. कुमारसंभवाच्या चौथ्या सर्गात मदनदहनानंतर विलाप करणारी रती जुन्या रागाची आठवण काढते. पतीने चुकून दुसऱ्या स्त्रीचे नाव उच्चारले, तेव्हा तिने त्याला आपल्या मेखलेच्या दोराने बांधले होते आणि कानातील कमळांनी मारले होते. मालविकाग्निमित्राच्या तिसऱ्या अंकात इरावती गळून पडलेली रशनाच राजावर उगारते. अमरूच्या एका प्रसिद्ध मुक्तकात तर दोरही नाही. नायिकेचे बाहूच पाश होतात. या तिन्ही ठिकाणी साधन बाहेरून आणलेले नाही. ते अंगावरचे आहे, किंबहुना अंगच आहे. कमरेचा दोर धष्टपुष्ट पुरुषाला बांधून ठेवू शकत नाही, हे कवीला पुरते ठाऊक आहे. ते बंधन टिकते याचे कारण एकच : बांधला गेलेला ते तोडू इच्छीत नाही. अमरूचा नायक मार खाताना हसतो आणि कवी त्याला धन्य म्हणतो, त्याचे मर्म येथे आहे.

भागवताच्या दशम स्कंधातील उखळबंधनाचा प्रसंग या दृष्टीने आठवावा. रस वेगळा, वात्सल्याचा. पण बंधनाची कल्पना तीच. यशोदा घरातील दावी एकामागून एक जोडीत जाते आणि प्रत्येक वेळी दोर दोन बोटे अपुरा पडतो. आई दमली हे पाहून बालकृष्ण स्वतःच बांधून घेतो. दोराची लांबी दोराने भरून निघत नाही. ती बांधल्या जाणाऱ्याच्या संमतीने भरून निघते.

मात्र कालिदास येथेच थांबत नाही, हे लक्षात घेणे अगत्याचे आहे. रघुवंशाच्या एकोणिसाव्या सर्गातील अग्निवर्णालाही त्याच्या स्त्रिया मेखलांनी बांधतात, आणि तेही वारंवार. वस्तू तीच, कृती तीच. परंतु येथे फसविणे आणि बांधून घेणे हा नित्यक्रम झाला आहे. राज्य मंत्र्यांवर टाकून भोगात बुडालेला हा राजा अखेर क्षयाने मरतो. रतीच्या आठवणीत जी मेखला अनुरागाची खूण होती, तीच येथे व्यसनाचे उपकरण ठरते. तेव्हा साधनावरून प्रसंगाची योग्यायोग्यता ठरविता येत नाही, हा पहिला निष्कर्ष.

आता शास्त्राकडे जाऊ. कामसूत्राच्या सातव्या अधिकरणात कृत्रिम साधनांचा विचार आला आहे. तेथे सोने, रुपे, तांबे, लोखंड, हस्तिदंत व शिंग यांची यादी आहे. आणि ती न मिळाल्यास काय करावे, हेही सांगितले आहे. दुधीचा नाळ किंवा वेळू तेलाने व काढ्याने मऊ करून दोऱ्याने कमरेस बांधावा, अथवा आवळ्याच्या बिया गुंफलेली गुळगुळीत लाकडी माळ वापरावी. स्वस्त साधनाची ही सूचना वात्स्यायन स्वयंपाकाच्या कृतीइतक्याच निर्विकारपणे देतो. तेल, काढा आणि गुळगुळीतपणा यांचा उल्लेख मात्र निरर्थक नाही. साधन हलके असले तरी शरीराला इजा होता कामा नये, ही काळजी त्यात आहे.

दुसऱ्या अधिकरणाच्या सातव्या अध्यायात मात्र त्याचा स्वर बदलतो. दाक्षिणात्यांमध्ये प्रचलित अशा चार प्रहारांची नावे तो देतो : कीला, कर्तरी, विद्धा आणि संदंशिका. आपल्या भाषेत खिळा, कातर, टोचणी आणि सांडशी! टीकाकार यशोधर ही हाताचीच रूपे मानतो. तसे मानले तरी नावे लोहाराच्या दुकानातील राहतात. हातच अवजार झाला, एवढाच त्याचा अर्थ. वात्स्यायन या प्रहारांना अनार्य म्हणून धिक्कारतो आणि तीन उदाहरणे देतो. चोलराजाने कीलेने चित्रसेना या गणिकेचा प्राण घेतला, कुंतल देशाच्या शातकर्णी सातवाहनाने कर्तरीने महादेवी मलयवतीचा, आणि नरदेवाने विद्धेच्या चुकीच्या प्रयोगाने एका नटीचा डोळा घालविला. भरधाव घोड्याला वाटेतील खुंट व खड्डा दिसत नाही, तसा वेगाने आंधळा झालेला प्रणयी इजा पाहत नाही, असे तो बजावतो.

मलयवतीच्या या उल्लेखाचा आपल्या संशोधकांनी कोणता उपयोग केला? वात्स्यायनाची पूर्वमर्यादा ठरविण्याचा. राजा सातवाहन, म्हणून ग्रंथ त्यानंतरचा, हे अनुमान योग्यच आहे. परंतु एका राणीचा शय्येवर झालेला मृत्यू आपल्या लेखी केवळ कालगणनेचे साधन उरावा, ही आपल्या वाचनपद्धतीची उणीव आहे.

ती भरून काढावयाची तर त्याच अध्यायातील एक अडचण स्पष्ट मांडली पाहिजे. प्रहारासमयी स्त्रीच्या मुखातून निघणाऱ्या शब्दांची गणना करताना वात्स्यायन आईला हाक मारणारे, निवारण करणारे, ‘पुरे’ आणि ‘सोड’ या अर्थाचे शब्दही सीत्कृतांत घालतो. म्हणजे नकाराचा शब्दच विलासाचा अलंकार ठरला. मग मलयवतीने खरोखरच ‘सोड’ म्हटले असेल, तर ते ऐकू येण्याची सोय कोठे राहिली? स्त्रीचे मार्दव व बल ओळखावे, सर्व प्रयोग सर्वकाळी व सर्वांशी करू नयेत, असा उपदेश त्याने पुढे केला आहे खरा. पण ते ओळखण्याचा अधिकार त्याने पुरुषाकडेच ठेवला. आज हा व्यवहार विचाराने करणारे लोक थांबण्यासाठी एक वेगळाच शब्द आधी ठरवून ठेवतात. शास्त्राने मोडून टाकलेली भाषा अशा रीतीने त्यांना नव्याने घडवावी लागली आहे.

काव्य आणि शास्त्र यांतील भेद आता ध्यानात येईल. काव्यात बांधला जातो तो बहुधा पुरुष, आणि सुटण्याचे बळ त्याच्या अंगी आहे. शास्त्रात प्रहार सोसते ती स्त्री, आणि तिचा सुटकेचा शब्दही तिचा राहिलेला नाही. दोर सुताचा की साखळी लोखंडाची, हा प्रश्न गौण होय. गाठ कोणाच्या सांगण्यावरून सुटते, हा खरा प्रश्न आहे.

नागपूरकरांना याचे स्मरण देण्यास रामटेक जवळच आहे. वा. वि. मिराशी यांनी मेघदूतातील रामगिरी तो हाच, असे प्रतिपादिले. त्या रामगिरीवरील यक्षाला आपल्या पत्नीची वेणी आठवते. विरहाच्या पहिल्या दिवशी माळ टाकून तिची एकच वेणी घालण्यात आली, आणि शाप संपल्यावर यक्षाने ती सोडावयाची आहे. या बंधनाला ना सोने लागले, ना दोर. गाठ सुटण्याची वेळ मात्र दोघांनाही ठाऊक आहे.