बापूची खोली आणि नमाचे भय : 'मित्राची गोष्ट'चे एक वाचन

विजय तेंडुलकर यांचे 'मित्राची गोष्ट' हे नाटक १९८१ साली रंगभूमीवर आले. समलिंगी आकर्षण हा मराठी नाटकाने टाळलेला विषय त्यात उघडपणे हाताळला गेला, हे त्याचे ऐतिहासिक महत्त्व निर्विवाद आहे. मात्र या एकाच अंगाने झालेल्या चर्चेमुळे नाटकातील दुसरा प्रश्न मागे पडला. दोन तरुणींमधील जवळीक एकीसाठी आधार आणि दुसरीसाठी कोंडी कशी होते, हा तो प्रश्न होय. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

नाटकातील काळ स्वातंत्र्यपूर्व आणि वातावरण महाविद्यालयीन आहे. सुमित्रा देव ऊर्फ मित्रा ही धीट, मनस्वी मुलगी. महाविद्यालयाच्या नाटकात ती पुरुषाची भूमिका करते, समोर नायिका असते नमा. नाटक संपते, पण मित्राच्या दृष्टीने भूमिका संपत नाही. तिला नमा हवी असते, आणि हे हवेपण हळूहळू हक्काचे रूप घेते. नमाभोवती मन्या दळवीही आहे. त्याची दांडगाई सर्वांना दिसते. मित्राची पकड मात्र प्रेमाच्या नावाखाली झाकलेली राहते. मित्रासमोर आपला नकार टिकत नाही, ही नमाची अवस्था तेंडुलकरांनी अचूक हेरली आहे.

हे सर्व आपल्याला कळते ते बापूकडून. बापू हा मित्राचा मित्र, तिच्यावर जीव असलेला, भिडस्त तरुण. दोघींना भेटण्यासाठी तो आपली खोली देतो. बापूला मित्राची व्याकुळता दिसते, म्हणून तो खोली देतो. नमाला तेथे यावयाचे आहे काय, याची विचारपूस तो आधी करीत नाही. मानसशास्त्रीय रहस्यकथेत जो ताण गुन्ह्यामुळे निर्माण होतो, तो येथे निवेदकाच्या या चांगुलपणातून निर्माण होतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

या संदर्भात झोई हेलर यांच्या 'नोट्स ऑन अ स्कँडल' (२००३) या इंग्रजी कादंबरीचे स्मरण होते. तेथे बार्बरा ही वयस्क शिक्षिका आपल्या शीबा नावाच्या सहकारी मैत्रिणीचे गुपित लिहून ठेवते आणि त्या गुपिताच्या बळावरच तिला आपल्याजवळ बांधून घेते. निवेदन करणारीच विष कालवणारी आहे, हे वाचकाला हळूहळू उमगते. तेंडुलकरांकडे निवेदक पुरुष आहे आणि स्वतःला निरुपद्रवी समजतो. त्यामुळे त्याच्यावर संशय घेणे अधिक कठीण जाते.

शीर्षकही पाहण्यासारखे आहे. 'मित्राची' हे रूप 'मित्र' या शब्दाचेही होते आणि 'मित्रा' या नावाचेही. हा श्लेष रसिकांनी वाखाणला, आणि ते योग्यच आहे. पण त्यात 'मैत्रीण' कोठेच नाही.

नमाला दुबळी, चंचल म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. राजूरसारख्या (ता. भोकरदन) गावातील विद्यार्थिनीला मात्र तिची अडचण चटकन कळावी. मोठ्या शहरात तुटलेली मैत्रीण गर्दीत हरवून जाते. येथे तीच एसटी, तोच वर्ग, अंगारकीला गणपतीच्या रांगेतही तीच ओळखीची तोंडे. शिवाय घरी सांगावे काय? मुलाने त्रास दिला तर सांगण्यासाठी निदान शब्द तरी असतात. 'मैत्रीण सोडत नाही' ही तक्रार ऐकून घरचे हसतील, किंवा मुलीचे शिक्षणच थांबवतील. नमाचे गप्प राहणे या अर्थाने केवळ स्वभावदोष ठरत नाही.

मित्राची शोकांतिका याने लहान होत नाही. तिला समजून घेणारे कोणी नव्हते आणि ती अखेरीस आत्मनाश पत्करते. तेंडुलकरांच्या कथेवरून रवी जाधव यांनी केलेला 'मित्रा' हा लघुपट 'बायोस्कोप' (२०१५) या चित्रपटात समाविष्ट आहे. त्यात १९४७ च्या स्वातंत्र्याची पार्श्वभूमी घेऊन तिच्या बाजूने सहानुभूती उभी केली आहे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळल्यानंतर ही सहानुभूती अधिक स्वाभाविक वाटते. परंतु त्या निकालाचा आधार असलेला 'संमती' हाच शब्द नमाच्या बाजूने या नाटकाला लावून पाहिला, तर बापूच्या खोलीचे दार पुन्हा उघडावे लागते.