पेन्सिलीने लिहिलेली वसाहत

एडवर्ड अर्मटिंजरने १८५९ साली थॉमस टॅलबॉटचं चरित्र काढलं. शीर्षकात आधी कर्नल टॅलबॉटचं आयुष्य आणि मग 'टॅलबॉट वसाहत'. माझा आक्षेप या क्रमालाच आहे.

गोष्ट तशी रंगतदार. आयर्लंडच्या उमराव घराण्यातला मुलगा ब्रिटिश फौजेत अधिकारी होतो, अप्पर कॅनडात लेफ्टनंट गव्हर्नर सिमकोचा सचिव होतो आणि फौज सोडून १८०३ मध्ये लेक एरीच्या काठी, जंगलात, ५,००० एकरांवर जाऊन बसतो. चरित्रकाराला आणखी काय हवं?

पण संशोधन करायचं असेल तर त्याच्या नकाशांपाशी थांबा. जमीन मागायला आलेल्याचं नाव टॅलबॉट नकाशावर चक्क पेन्सिलीने लिहायचा. त्या माणसाने घर बांधायचं, जंगल तोडायचं, समोरचा रस्ता मोकळा करायचा. नाही जमलं, किंवा कर्नलसाहेबांची मर्जी गेली, की नाव पुसलं, तिथे दुसरा! म्हणजे बघा, आपण ज्याला 'यशस्वी वसाहत' म्हणतो ती टिकून राहिलेल्यांची यादी आहे. एका नावाखाली आधीची किती नावं पुसली गेली, हे नुसता नकाशा बघून कसं कळणार? आणि १७९०च्या करारात ही जमीन ज्यांच्याकडून गेली ते ओजिब्वे, ओडावा, पोटावाटोमी तर पेन्सिलीतही नाहीत.

त्यामुळे मी चरित्र बाजूला ठेवून आधी लोकांनी सरकारकडे केलेले जमिनीचे अर्ज वाचेन. वाचायला कंटाळवाणे असतात, पण त्यात माणसं स्वतःबद्दल बोलतात.